चिंचटोल्याचं रेकॉर्डिंग

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे देवीदास रामटेके, हे ऐकणारे गृहस्थ आहेत. बोलणारी माणसं जबलपूरच्या आमच्या गोहलपुरात पैशाला पासरी मिळतात. इथे रिक्षावाल्यापासून रजई भरणाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे देशाचा कारभार चालवायची योजना तयार असते. पण मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून, एक शब्दही न कळणारी भाषा दोन-दोन तास ऐकत बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. लग्न होऊन कामठीहून इथे आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, की बाबा, हे काय लावलंय? त्यांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, "थांब बेटा, येऊन राहिलं." काय येऊन राहिलं ते मला काही कळेना. आधी खरखर, मग बारीक शिट्टी, मग त्या सगळ्याच्या तळातून एका बाईचं गाणं हळूहळू वर आलं, क्षणभर अगदी खोलीत आल्यासारखं झालं आणि पुन्हा बुडालं. बाबांनी वही काढून वेळ लिहून ठेवली. मला वाटलं, कुठे येऊन पडले मी.

बाबा फॅक्टरीत वायरमन होते. नोकरीभर त्यांनी मोठाल्या यंत्रांच्या तारा जोडल्या आणि संध्याकाळचा भोंगा झाला की घरी येऊन एका तारेची सेवा केली. ती तार आमच्या गच्चीवर होती. एका टोकाला पाण्याच्या टाकीचा पाइप, दुसऱ्या टोकाला मागच्या गल्लीतलं कडुनिंबाचं झाड आणि मधे पन्नास फूट उघडं तांबं. दिवसा तिच्यावर कावळे बसत, संक्रांतीला पतंग अडकत. सूर्य कलला की मात्र तिचं खरं काम सुरू होई. दिवसा लांबच्या केंद्रांच्या लहरी वर जाऊन विरून जातात, सूर्य बुडला की आकाशातला एक थर त्यांना परत खाली पाठवतो, असं बाबा सांगत. मी शाळेत गणित शिकवते, परावर्तन काय असतं ते मला माहीत आहे. तरी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलं, की लाल उजेडात ती तार किंचित थरथरताना दिसायची आणि माझे हात थांबायचे. आत्ता या घटकेला कोण कुठे बोलत असेल आणि ते हिच्यातून आमच्या घरात उतरत असेल, असं मनात यायचं. मग खालून कुकरची शिट्टी व्हायची.

बाबांच्या वह्या अकरा आहेत. तारीख, वेळ, काट्याची जागा, भाषा आणि शेवटी शेरा, असे रकाने त्यांनी पट्टीने आखलेले आहेत. शेऱ्यात बहुतेक वेळा 'स्पष्ट', 'अस्पष्ट' किंवा 'गेलं' एवढंच असतं. माणसाच्या सगळ्या आयुष्याला ते तीन शब्द पुरतात, असं मी एकदा थट्टेनं म्हटलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, की हो, पुरतात.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ही तार काही फारशी आवडायची नाही. कुसुमबाई त्यांचं नाव. बोलायला तिखट, हाताला गोड. घरात मराठी बोलायची असा त्यांचा दंडक होता, नाहीतर माझा नवरा धम्मदीप हा जन्मभर हिंदीच बोलला असता. आताही तो आईसारखं बोलायला सुरुवात करतो आणि वाक्याच्या मध्यात 'मतलब' म्हणून हिंदीत उतरतो. दुसरा दंडक रेडिओचा. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असलेली वंदनेची फळी आहे. तिच्यासमोर रेडिओ वाजता कामा नये, म्हणून मोठा रेडिओ मधल्या खोलीत असतो. वंदनेला उभं राहायचं तर आधी रेडिओ बंद, मग हात जोडायचे. बाबांना नुसतं त्या फळीसमोरून पलीकडे जायचं असलं, तरी ते हातातल्या ट्रान्झिस्टरचा कान पिळत आणि पुढे गेल्यावर पुन्हा चालू करत. बाईमाणूस गेलं तरी दंडक राहतो. तो आजही आहे.

संध्याकाळी आई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा निवृत्त झाले होते, पण कमानिया गेटकडे काही आणायला गेले, की साडेपाचच्या सुमाराला आई पिशवी घेऊन कोपऱ्यावर हजर. विचारलं तर म्हणत, भाजीवाल्याची वाट पाहून राहिले. बाबा दिसले की परत फिरत. पिशवी पुष्कळदा रिकामीच असे.

आता मुख्य गोष्ट. आईंचं माहेर भंडाऱ्याकडे, चिंचटोला नावाचं गाव. पंच्याऐंशी साली, लग्नाला वर्ष झालेलं असताना, त्या माहेरी गेल्या होत्या आणि तेव्हाच रेडिओची माणसं यंत्र घेऊन गावात आली. बायकांची गाणी घेतली, जात्यावरच्या ओव्या घेतल्या आणि शेवटी बायकांना म्हणाली, आता एकेक नाव घ्या. आईंनी उखाण्यात बाबांचं नाव घेतलं. जबलपूरला परत आल्यावर त्यांनी बाबांना सांगून ठेवलं, की अमक्या दिवशी संध्याकाळी लागणार आहे, वेळेवर घरी या. विदर्भातलं ते केंद्र तेव्हा आमच्या तारेवर छान यायचं. पण त्या दिवशी दुसरा वायरमन आला नाही, बाबांना दोन तास जास्त थांबावं लागलं आणि घरी आले तेव्हा कार्यक्रम होऊन गेला होता. काय नाव घेतलं, म्हणून बाबांनी विचारलं. आई म्हणाल्या, रेडिओवर घेतलं, ते रेडिओवरच ऐकायचं होतं. झालं. त्यानंतर सदतीस वर्षं बाबांनी विचारावं आणि आईंनी तोंडाला पदर लावावा, असं चाललं. धम्मदीपच्या लग्नात साऱ्या बायकांनी आग्रह केला, तेव्हाही त्यांनी दुसरंच काहीतरी जुळवून घेतलं. ते मात्र सांगितलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी, आठ दिवसांच्या तापात, त्या गेल्या.

बाबा रडले नाहीत. त्यांनी हत्यारांची पेटी काढली आणि फळीवर आईंच्या फोटोपुढे एक दिवा बसवला. फळीमागे लहान बॅटरी, तिला चार्जर, म्हणजे वीज गेली काय किंवा घराचं मेन बटण पाडलं काय, दिवा जाणार नाही. इतकी वर्षं वायरमनकी केली त्याचं चीज त्या एका जोडणीत झालं, असं मला वाटतं. त्या दिव्यात आधी मोटरसायकलचा छोटासा पिवळा बल्ब होता. मागच्या बुद्धपौर्णिमेला तो उडाला आणि मी बाजारातून चांगला पांढराशुभ्र एलईडी आणून बसवला. फोटो किती उजळला म्हणून माझी मीच पाठ थोपटून घेतली.

त्याच उन्हाळ्यात बाबांचा रेडिओ बिघडायला लागला. म्हणजे रेडिओ ठीक होता, पण केंद्रं ऐकू येईनात. सगळीकडे एक भुणभुण, मधे मधे करवत चालल्यासारखा आवाज. बाबा म्हणाले, ही विजेची घाण आहे. पूर्वी घरात पिवळे बल्ब होते, ते बिचारे गप्प जळायचे. आता प्रत्येक दिव्यात, चार्जरमध्ये, टीव्हीच्या डब्यात एकेक इवलं यंत्र बसलंय आणि प्रत्येक यंत्र हवेत कुजबुजतं. माणसाला ऐकू येत नाही, तारेला येतं. साऱ्या गोहलपुराची कुजबुज ती पिऊन घेते आणि लांबचा आवाज त्याखाली चेंगरतो. वहीच्या शेऱ्यात 'गेलं', 'गेलं', 'गेलं' असं पानभर लिहिलेलं मी पाहिलं. मी म्हटलं, बाबा, मोबाईलवर जगातली सगळी केंद्रं मिळतात. ते म्हणाले, "मिळतात ना. पण ते कोणी देते म्हणून मिळतात."

नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की मी गॅस बंद केला. त्या विदर्भातल्या केंद्रावर काहीतरी घोषणा होती, महिलांच्या कार्यक्रमाची जुनी रेकॉर्डिंगं, आणि त्या भुणभुणीतून त्यांना एकच शब्द धड ऐकू आला होता. चिंचटोला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी केंद्राला फोन केला. तिथल्या एका बाईंनी यादी काढून वाचली. डिसेंबरचा तिसरा रविवार, संध्याकाळी सहा वाजता, चिंचटोला, नाव घेणाऱ्या महिला, कुसुम रामटेके. मी प्रत मागितली, त्यांनी नियम नाही म्हणून सांगितलं. मोबाईलच्या यादीत त्यांचं केंद्र नव्हतं, मी तिथेच पाहिलं. चिंचटोल्याच्या मामांना फोन लावला, की रेडिओसमोर मोबाईल धरून तेवढं भरून घ्या. मामा म्हणाले, रेडिओ? अख्ख्या गावात आता एक नाही. शेवटी बाबांना जे सांगायचं ते सांगितलं, की तीन आठवडे आहेत आणि ऐकायचं तर आपल्याच तारेवर.

मी बाबांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं तितकं ते त्या तीन आठवड्यांत बोलले. तार घराच्या डोक्यावर बसून ऐकते म्हणून घरचा गोंगाट ऐकते, तिला घराबाहेर काढायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आमच्यामागे एक मोकळा प्लॉट आहे, मालक कटनीला असतो. त्याच्या पार पलीकडच्या भिंतीशी बाबांनी दोन बांबू रोवून तार नेली. तारेच्या मुळाशी, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, बांगडीएवढा एक ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळून ठेवला. तिथून गच्चीवर आणि गच्चीवरून खाली घरात डिशची जाड केबल. त्या केबलमधे मधली तार पांघरूण घेऊन चालते, त्यामुळे वाटेत तिच्या कानात कोणी काही कुजबुजू शकत नाही. मात्र गोंगाट मोठा चिवट, तो केबलच्या वरच्या अंगानं चढून येतो. त्याच्यासाठी भंगारवाल्याकडून कॉम्प्युटरच्या वायरींचे काळे मणी आणले, तेच ते टोकाशी फुगीर दिसणारे, आणि घराजवळ केबलवर ओळीनं ओवले. शेवटचा उपाय म्हणजे अर्थिंग. घराची अर्थिंग वापरायची नाही, तिच्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी घाण येऊन मिळते. म्हणून प्लॉटमध्येच तांब्याचा रॉड ठोकला, आणि जमीन ओली राहावी म्हणून बाबा रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालू लागले. गल्लीतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की काका कोणत्या देवाला पाणी घालतात. मी म्हटलं, देव नाही, दांडा आहे. त्यांचा विश्वास बसला नाही.

फरक पडला. एका संध्याकाळी अरबी आलं, मग सिंहली, मग कुठल्याशा बेटावरचं संथ गिटार. बाबा मला हाक मारत आणि मी पिठाच्या हातानं दारात उभी राहून ऐकत असे. खोलीत थंडी, खिडकीत निळा उजेड आणि हजारो मैलांवरून आलेलं ते गिटार लाटेसारखं जवळ येई आणि दूर जाई. अशा वेळी स्वतःच्या घरात असूनही आपण कुठेच नाही असं वाटतं. मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

पण जिथे हवं तिथेच ती करवत. बरोब्बर त्या विदर्भातल्या केंद्राच्या काट्यावर ती बसलेली आणि हलायला तयार नाही. बाबांनी रेडिओ सेलवर घेतला, घराचं मेन बटण पाडलं, इन्व्हर्टर बंद केला. करवत चालूच. म्हणजे आपल्या घरातलं नाही, बाहेरचं आहे, असा निकाल लागला. मग त्यांनी हातात लहान ट्रान्झिस्टर घेऊन आधी घराचे सगळे कोपरे आणि नंतर सगळी गल्ली हिंडून काढली. जिथे गोंगाट वाढेल तिथे चोर. योगेंद्र भैयांच्या शिलाईच्या कारखान्यासमोर तो ट्रान्झिस्टर जरा जास्त किंचाळला. योगेंद्र भैया आमचे शेजारी, त्यांच्याकडे सलवार-सूट शिवणाऱ्या बारा मशिनी आहेत. लग्नाचा हंगाम होता, तरी ते हात जोडून म्हणाले, की काका जी, चाची का मामला है, इतवार को ताला रहेगा.

मध्ये एकदा आम्ही मझौलीचाही बेत केला. बाबांचे जुने सोबती तुळशीराम तिथे शेती करतात. तिकडे कसला आलाय गोंगाट, म्हणून आम्ही आधल्या रविवारी रेडिओ आणि तारेचं भेंडोळं घेऊन गेलो. मटाराच्या शेतात, मोहाच्या दोन झाडांना तार बांधली. ऊन उतरलं आणि काही वेळ खरंच असं शांत झालं, की रेडिओतून नुसता आकाशाचा श्वास ऐकू यावा. मग चहूबाजूंनी टिक, टिक, टिक सुरू झालं. रानडुकरांसाठी आता शेताशेताला, कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं झटका मशीन बसलंय, तिन्हीसांजेला सगळे चालू करतात. तुळशीराम काकांनी आपलं बंद केलं, पण साऱ्या शिवाराला कोण सांगणार. बाबा मटाराची शेंग सोलत म्हणाले, घरीच बरं. वाटेत मला म्हणाले, की ती घरीच बसून ऐकत होती तेव्हा, मीही घरीच ऐकतो.

तो रविवार उजाडला. योगेंद्र भैयांनी सांगितल्याप्रमाणे कुलूप घातलं. धम्मदीपनं घरातले सगळे मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवले, बाबांनी नको म्हटलं तरी. साडेपाचला मेन बटण पाडलं, इन्व्हर्टर बंद केला. घर एकदम म्हातारं झाल्यासारखं गप्प झालं. पुढच्या खोलीत आईंच्या दिव्याचा तेवढा पांढरा उजेड. बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. खुर्ची ओढून बसले, काटा फिरवला, आणि करवत.

त्यांनी काळे मणी चाचपले. रेडिओ वळवला. उठून गच्चीवर गेले, परत आले. साडेपाचाचे पावणेसहा झाले. करवतीच्या मागे कोणीतरी मराठी बोलतंय एवढं कळत होतं, शब्द लागत नव्हता. योगेंद्र भैया दारात येऊन उभे राहिले, बिचाऱ्यांनी एक दिवसाचं काम बुडवलं होतं आणि तेच अपराध्यासारखे दिसत होते. बाबांनी लहान ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला, म्हणाले, मागच्या दाराशी पाहा काही वाढतं का. मी गेले, काही वाढलं नाही. परत येताना खिडकीबाहेर पाहिलं तर अंधारू लागलं होतं, आणि वंदनेची वेळ झाली होती. घाईघाईत, हातातला ट्रान्झिस्टर तसाच चालू ठेवून, मी फळीपुढे उभी राहिले आणि हात जोडले.

ट्रान्झिस्टर किंचाळला. असा, की योगेंद्र भैया दचकून मागे सरले. मी हात खाली घेतला, आवाज कमी झाला. वर नेला, पुन्हा किंचाळला. आईंच्या दिव्याजवळ तर त्यात दुसरं काही उरेचना.

मला कळायला एक क्षण लागला. बाबांनी सगळं घर हुंगलं होतं, सगळी गल्ली हुंगली होती, पण या फळीसमोर आलं की ते ट्रान्झिस्टर बंद करत. इथे रेडिओ वाजत नाही. दिव्याला मेन बटण लागत नव्हतं, इन्व्हर्टर लागत नव्हता, त्याची बॅटरी त्यांनीच वेगळी बसवली होती. तारेची केबल त्याच भिंतीवरून, फळीच्या मागून खाली उतरत होती. आणि बुद्धपौर्णिमेला तो पांढरा बल्ब मी आणला होता. आईंपुढे लावलेला दिवाच आईंचा आवाज खात होता.

"बाबा," मी म्हटलं, "हा बल्ब मी लावला होता."

ते उठून जवळ आले. मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते. धम्मदीप म्हणाला, की रेडिओ बाहेर नेऊ का, मतलब गली में, लेकिन तार छोटी पड़ेगी. घड्याळात सहाला सात मिनिटं होती. तीन वर्षांत तो दिवा कोणी आपल्या हातानं विझवला नव्हता. बाबा आईंच्या फोटोकडे पाहत राहिले, आणि मला मनापासून भीती वाटली, की ते आता परत जाऊन खुर्चीत बसतील आणि म्हणतील, राहू दे.

"अंधारात नाही ठेवायची तिले," ते म्हणाले. "आधी मेणबत्ती लाव."

मी मेणबत्ती लावली. घाईत दोन काड्या वाया गेल्या. पिवळा उजेड फोटोवर स्थिरावला, तेव्हा बाबांनी कपाळ टेकलं आणि बल्ब दोन बोटांनी फिरवून काढला. गल्लीच्या टोकाची चक्की थांबल्यावर चिमण्या ऐकू याव्यात, तसं झालं. रेडिओतून एक पुरुष अगदी शांतपणे, समोर बसल्यासारखा, वेळ सांगत होता.

कार्यक्रम सुरू झाला. जात्याची घरघर आली, ओव्या आल्या. त्या बायका आता असतील किंवा नसतील, पण त्यांचे आवाज पंच्याऐंशी सालातून उठून, त्या प्लॉटमधल्या बांबूंवर उतरून, केबलमधून चालत आमच्या खोलीत येत होते. मधे आवाज बारीक होई, विरायला येई, आणि आम्ही सगळे श्वास धरून बसत असू. पुन्हा भरून येई. योगेंद्र भैयांना एक शब्द कळत नव्हता, तरी ते उंबऱ्यावर बसून मान हलवत होते. एकीनं नाव घेतलं, दुसरीनं घेतलं. मग निवेदिका म्हणाली, की आता जबलपूरला दिलेली आपली लेक.

मी आईंचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मला ठाऊक होता तो तिखट, खोकल्यानं जड झालेला. हा तर विशी-बाविशीतल्या पोरीचा होता, लाजून हसणारा. तिनं आधी विचारलं, "काहून बाप्पा, तिकडं जबलपूरले ऐकू जाईल का?" कोणीतरी म्हणालं, जाईल, जाईल, घे. मग तिनं घसा खाकरला.

"संध्याकाळचा भोंगा वाजते पाच वाजून वीस,
देवीदासरावांले उशीर झाला, की जीव कासावीस."

बायका हसल्या. तिसरीनं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि आवाज हळूहळू बारीक होत खरखरीत बुडून गेला. बाबांनी काटा हलवला नाही. ते मान तिरकी करून तसेच बसले होते, जणू अजून काही येऊन राहिलं होतं. मला रडू आवरेना. धम्मदीप आत निघून गेला. योगेंद्र भैयांनी माझ्याकडे पाहून खुणेनं विचारलं, मिळालं का, आणि मी मान डोलावली.

बऱ्याच वेळानं बाबांनी रेडिओ बंद केला.

"कोपऱ्यावर उभी राहत जाय ना रोज," ते म्हणाले. "मले वाटे, भाजीवाल्यासाठी उभी राहते."

मग त्यांनी वही ओढली आणि दारातून येणाऱ्या मेणबत्तीच्या उजेडात रकाने भरले. तारीख लिहिली, वेळ लिहिली, काट्याची जागा लिहिली. भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिलं. शेऱ्याशी आल्यावर पेन थांबलं. त्यांनी 'स्पष्ट' लिहिलं, आणि आजवर त्या वह्यांत कधी केलं नव्हतं ते केलं, पुढे आणखी तीन शब्द लिहिले. चाळीस वर्षं उशीर.